'क्विट' : एका इंग्रजी क्रियापदाची नगर जिल्ह्यातील कहाणी (दीर्घ धागा)

९ ऑगस्ट १९४२ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात बारा राजकीय कैदी आणण्यात आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, असफ अली, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव. आदल्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने जो ठराव संमत केला होता, तो जगभर दोन इंग्रजी शब्दांनी ओळखला जाऊ लागला : 'क्विट इंडिया'. गंमत अशी की, हे दोन शब्द त्या ठरावात नाहीत. ठरावाची भाषा ब्रिटिश सत्ता काढून घेण्याची, तिचा अंत होण्याची आहे. 'क्विट' हे क्रियापद लोकांच्या तोंडी आले ते घोषणेतून.

या धाग्याचा विषय ते क्रियापद आहे. चार अक्षरांच्या या शब्दाला इंग्रजीत इतके अर्थ आहेत की, त्यासाठी मराठीला निदान चार-पाच वेगवेगळी क्रियापदे खर्ची घालावी लागतात. आणि विशेष म्हणजे, १९४२ च्या पूर्वी सुमारे दीडशे वर्षे नगर जिल्ह्याचा या शब्दाशी, त्याच्या जवळजवळ प्रत्येक अर्थाने, संबंध येत राहिला होता. फक्त तो शब्द उच्चारणारी बाजू नेहमी दुसरी असे.

प्रथम शब्दाकडे पाहू. लॅटिनमधील 'क्विएटस' म्हणजे शांत, निश्चिंत. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'मोकळा, देणे उरले नाही असा' हा अर्थ आला आणि तेथून तो इंग्रजीत उतरला. म्हणजे 'क्विट'चा मूळ अर्थ 'जाणे' हा नाहीच. मूळ अर्थ आहे 'बंधनातून, ऋणातून, आरोपातून मोकळे होणे किंवा करणे'. मोकळा झालेला मनुष्य तेथून निघून जातो. म्हणून पुढे 'सोडून जाणे' हा अर्थ चिकटला, आणि त्यानंतर 'एखादी गोष्ट करणे थांबवणे' हा. न्यायालयात आरोपी निर्दोष सुटतो त्यासाठीचा 'अ‍ॅक्विट', शांततेचा 'क्वाएट', आणि दर तिसऱ्या वाक्यात येणारा 'क्वाइट' हे सारे याच घराण्यातील शब्द होत.

एक अर्थ तर आता इंग्रजांनाही परका झाला आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात हेच क्रियापद 'वागणे, मर्दासारखे वर्तणे' या अर्थाने आले आहे. नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू होते. तेथे इंग्रजी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे वाक्य वाचून शब्दकोशात 'सोडणे' हा अर्थ पाहिला असता, तर संत पौल मंडळींना पळून जाण्याचा उपदेश करीत आहे असाच त्याचा समज झाला असता.

मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ येते ते 'सोडणे'. आपण घर सोडतो, नोकरी सोडतो, तंबाखू सोडतो, उपास सोडतो, हक्कावर पाणी सोडतो, कैद्याला सोडतो आणि एखादी गोष्ट देवावरही सोडतो. याचे अकर्मक भावंड 'सुटणे'. आणि जुन्या अर्थाशी सर्वाधिक जवळीक असलेले तिसरे क्रियापद म्हणजे 'फिटणे'. कर्ज फिटते, पांग फिटतात. दोघांचे एकमेकांकडे काही देणे उरले नाही म्हणजे इंग्रज म्हणतो 'वुई आर क्विट्स', आणि मराठी मनुष्य म्हणतो 'फिटंफाट'. सोडणे, सुटणे, फिटणे ही तीन क्रियापदे हाताशी ठेवून नगरचा इतिहास पाहिला, तर त्याचा एक निराळाच पदर दिसू लागतो.

सोडण्या-सुटण्याला तर हा किल्ला पुरेपूर परिचित होता. नाना फडणीस १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या कैदेत सापडले आणि त्यांना याच किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढच्या वर्षी मोठी रक्कम मोजून ते सुटले. पैसा देऊन मोकळे होणे हा 'क्विट'चा अगदी मध्ययुगीन अर्थ. त्यानंतर पाचच वर्षांनी, ८ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या फौजेने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि मग किल्ल्यावर तोफा डागल्या. १२ ऑगस्टला शिंद्यांच्या किल्लेदाराने किल्ला खाली केला. अट अशी होती की, शिबंदीने बाहेर पडावे आणि खाजगी मालमत्ता सोबत न्यावी. पेठ पडली ती तारीख आणि गवालिया टँकवरील ठरावाची तारीख एकच, ८ ऑगस्ट. मध्ये अंतर १३९ वर्षांचे. योगायोगाला इतिहासात कारणाचे स्थान देऊ नये हे खरे. तरीही ज्या किल्ल्यातून इंग्रजांनी आपल्या आधीच्या धन्याला अटी घालून बाहेर काढले, त्याच किल्ल्यात त्यांनी आपल्याला बाहेर काढू पाहणाऱ्यांना कोंडले, एवढी नोंद करण्यास हरकत नसावी.

किल्ल्याबाहेरची कहाणी मात्र 'सोडण्या'ची नाही, 'फिटण्या'ची आहे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव लवकरच नगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील गावांत त्याचे लोण पोहोचले. इतिहासाच्या पुस्तकांत हे 'दख्खनचे दंगे' म्हणून येतात. दंगेखोरांना काय हवे होते हे पाहण्यासारखे आहे. सावकारांचा जीव घेणे हा त्यांचा उद्देश नव्हता. बहुतेक ठिकाणी धान्य किंवा दागिने हेही त्यांचे मुख्य लक्ष्य नव्हते. ते कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद मागत आणि हाती पडताच जाळीत. कारण उघड होते. हप्ता फेडला तरी त्याची पावती मिळत नसे. जुना रोखा फाडला जात नसे. व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई, आणि दिवाणी न्यायालय त्या कागदावरील अंगठ्याला प्रमाण मानी. पैसे फिटत, पण कर्ज फिटत नसे.

कर्ज फिटल्याच्या कागदाला इंग्रजीत 'क्विटन्स' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'फारखती' हा शब्द होता. फारखती म्हणजे आता तुझा-माझा संबंध उरला नाही असे लिहून दिलेला कागद, मग तो ऋणको-धनकोंचा असो वा नवरा-बायकोचा. ज्या शेतकऱ्याला फारखती मिळत नव्हती, त्याने रोखाच जाळून ती स्वतः करून घेतली असे म्हणता येईल. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्यात, शेतकऱ्याने भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा त्याचा हक्क मान्य करण्यात आला. पावतीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीसाठी कायदा करावा लागला, यावरून मूळ दुखणे किती खोल होते याची कल्पना येते.

तिसरा प्रसंग याहून अधिक बोचरा आहे, कारण त्यात हे क्रियापद सरकारी दप्तरातच, ठसठशीतपणे हजर आहे. इनाम आणि वतन जमिनींवर जो हलक्या दराचा सारा घेतला जाई, त्याला मराठीत 'जुडी' म्हणत. महसुली इंग्रजीत त्याचा प्रतिशब्द 'क्विट रेंट'. हा शब्द इंग्लंडच्या सरंजामी व्यवस्थेतून आला होता. तेथे कुळाने जमीनदारासाठी नांगरणी, कापणी, पहारा अशी कामे करावी लागत. पुढे ठराविक रोख रक्कम भरून कुळ त्या सेवेतून 'क्विट', म्हणजे मोकळे होऊ लागले. नावातच करार आहे : पैसे द्या, सेवेतून सुटा.

दख्खनमध्ये हा शब्द आला, पण करार आला नाही. महार वतनदाराकडे वतनाची थोडी जमीन असे आणि तिच्या मोबदल्यात त्याने गावाची व सरकारची कामे करायची असत : निरोप पोचवणे, सारा वसुलीस मदत करणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, येणाऱ्या अंमलदाराची सरबराई करणे, दिवसा-रात्री हाक येईल तेव्हा हजर होणे. आता जमीन जर सेवेचे वेतन असेल, तर तिच्यावर सारा कसा? आणि जमिनीवर 'क्विट रेंट' घेतला जात असेल, तर सेवा कशी? महार वतनदाराला दोन्ही भरावे लागत. जुडीही द्यायची आणि राबायचेही. शब्दाचा अर्थ 'मोकळीक', व्यवहाराचा अर्थ दुहेरी बंधन.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाचा प्रश्न १९२० च्या दशकापासून लावून धरला होता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयकही मांडले. जुडी वाढवण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली, ती नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे. साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात आंबेडकरांनी वतनदारांसमोर सरकारला खडसावले. हरेगावची मागणी एका दृष्टीने फार साधी होती : ज्या शब्दाने तुम्ही आमच्याकडून पैसे घेता, त्या शब्दाचा अर्थ पाळा. ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले, म्हणजे इंग्रज गेल्यानंतरही अकरा वर्षे.

हरेगाव आणि गवालिया टँक यांत तीन वर्षांचेही अंतर नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि काँग्रेसच्या या चळवळीला त्यांचा विरोध होता. 'क्विट इंडिया'चा इतिहास लिहिताना हे वाक्य अनेकदा गाळले जाते किंवा केवळ आरोप म्हणून लिहिले जाते. हरेगाव लक्षात घेतले तर त्यामागची भूमिका निदान समजते : इंग्रजाने देश सोडला म्हणून गावकी महाराला सोडील, याची हमी कोणीच दिलेली नव्हती.

आता घोषणेकडे येऊ. १९२८ मध्ये सायमन आयोगाला सांगितले गेले होते 'गो बॅक', म्हणजे परत जा. १९४२ मध्ये वेगळा शब्द हवा होता. शांतिकुमार मोरारजी यांच्या नावे एक आठवण सांगितली जाते. गांधीजी मुंबईत सहकाऱ्यांशी घोषणेबद्दल बोलत होते. कोणी 'गेट आउट' सुचवले; ते असभ्य म्हणून गांधीजींनी नाकारले. राजगोपालाचारींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' सुचवल्याचे सांगतात. मग युसुफ मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिले. त्यावर 'क्विट इंडिया' असे कोरलेले होते आणि गांधीजींनी त्यास 'आमेन' म्हणून मान्यता दिली. तपशिलांत थोडाफार फरक असू शकतो, पण मेहेरअलींनी याच नावाची पुस्तिका त्या वर्षी काढली होती. 'सायमन गो बॅक' या घोषणेचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते.

'गेट आउट' असभ्य आणि 'क्विट' सभ्य, एवढाच फरक होता का? येथे इंग्रजी कायद्याची भाषा कानाआड करून चालणार नाही. भाडेकरूला किंवा पट्टेदाराला जागा खाली करण्यासाठी मालक जी नोटीस देतो, तिचे इंग्रजी नाव 'नोटीस टू क्विट'. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे शब्द आहेत. जिल्हा न्यायालयातल्या कारकुनालाही ते पाठ असत. मेहेरअली स्वतः कायद्याचे पदवीधर होते. राजकीय उद्योगांमुळे त्यांना वकिलीची परवानगी नाकारली गेली होती. गांधीजी बॅरिस्टर. नगरच्या किल्ल्यात आणलेल्या बारा जणांपैकी नेहरू, पटेल, असफ अली आणि सय्यद महमूद हे बॅरिस्टर, पंत नामांकित वकील. या मंडळींच्या कानांना 'क्विट' ऐकताना नोटीस आठवली नसेल, हे संभवत नाही.

आणि नोटिशीत एक गृहीत दडलेले असते. 'चालता हो' असे कोणीही कोणालाही म्हणू शकतो. 'जागा खाली करा' असे फक्त मालक म्हणू शकतो. हे क्रियापद वापरताच वादाचा मुद्दा बदलतो. इंग्रज चांगला की वाईट हा प्रश्न बाजूला पडतो आणि घर कोणाचे हा प्रश्न समोर येतो. चांगला भाडेकरूही मुदत संपल्यावर जागा खाली करतो. त्याच कायद्यात आणखी एक मजेशीर कलम आहे : नोटिशीची मुदत उलटल्यावर मालकाने पुढचे भाडे निमूटपणे स्वीकारले, तर त्याने नोटीस मागे घेतली असे धरले जाते. नोटीस दिल्यावर मालकाला जुन्या रीतीने व्यवहार चालू ठेवता येत नाही. असहकाराचे तत्त्व यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे, मग ते कलम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसो.

गांधीजींनी स्वतः त्या वर्षीच्या मे महिन्यात 'हरिजन'मधून वेगळे क्रियापद वापरले होते. भारताला देवावर सोडा, आणि तेही जड जात असेल तर अराजकाच्या हवाली करा, असा त्यांच्या आवाहनाचा आशय होता. इंग्रजीतील 'लीव्ह'मध्ये 'निघून जाणे' आणि 'स्वाधीन करणे' असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतील 'सोडणे'मध्येही नेमके तेच दोन आहेत. ब्रिटिश अधिकाऱ्यांना यातील अराजक तेवढे ऐकू आले. प्रत्यक्षात गांधीजी पुन्हा पुन्हा सांगत होते की, जायचे आहे ते सत्तेने. इंग्रज माणसांनी येथे बरोबरीच्या नात्याने राहावे. ठरावाने तर जपानविरुद्धच्या युद्धासाठी मित्रराष्ट्रांच्या फौजा भारतात राहू देण्याचीही तयारी दाखवली होती. मालकी सोडा, मग पाहुणे म्हणून राहा, असा हा पवित्रा होता.

ही बारकाई देशी भाषांत उतरली नाही. हिंदीत 'भारत छोडो' झाले. तेथे निदान कर्म शाबूत राहिले. मराठीत 'छोडो भारत'बरोबर 'चले जाव' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि आजही 'चले जाव चळवळ' असेच पुष्कळ जण म्हणतात. 'चले जाव'मध्ये भारत नाही, मालकी नाही, सत्ता नाही; फक्त जाणारा मनुष्य आहे. गांधीजींनी जे 'गेट आउट' नाकारले, तेच मागच्या दाराने आत आले म्हणायचे! पण घोषणा म्हणून ती अचूक होती. गावच्या चावडीवर ओरडण्यास कायद्याची नोटीस काय कामाची? चळवळीचे व्याकरण पुढाऱ्यांनी ठरवले नाही, कारण पुढारी ९ ऑगस्टच्या पहाटेच उचलले गेले होते. पुढे जे घडले ते लोकांनी आपल्या क्रियापदाने घडवले.

त्यात नगरच्या एका सुपुत्राचा वाटा मोठा. १९०५ मध्ये नगर येथे जन्मलेले अच्युतराव पटवर्धन १९४२ मध्ये भूमिगत झाले. साताऱ्याच्या प्रतिसरकारशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि पोलिसांना ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. देशाचे पुढारी नगरात कोंडलेले आणि नगरचा पुढारी देशभर मोकळा, अशी ती उलटापालट होती. पुढे १९५० मध्ये, ऐन उमेदीच्या वयात, त्यांनी राजकारणच सोडले आणि पुन्हा त्याकडे फिरकले नाहीत.

किल्ल्यातील बारा जणांचा ठावठिकाणा सरकारने सुरुवातीला गुप्त ठेवला. वर्तमानपत्रे आणि पत्रेही बंद होती. आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा आझाद याच तटबंदीत होते. त्यांनी येथे लिहिलेली, कधीच टपालात न पडलेली उर्दू पत्रे पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. पट्टाभींनी 'फेदर्स अँड स्टोन्स' येथे लिहिले. नेहरूंनी खडकाळ जमीन खणून फुलझाडे लावली आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत सहकैद्यांचा उल्लेख तारखांसह आहे : ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५. दोन वर्षे, सात महिने आणि काही दिवस.

सय्यद महमूद यांची १९४४ मध्येच मुक्तता झाली. बाकीच्यांना १९४५ मध्ये नगरहून निरनिराळ्या प्रांतांतील तुरुंगांत हलवण्यात आले. नेहरूंनी २८ मार्चला किल्ला सोडला तो पहाऱ्यातच, संयुक्त प्रांताकडे जाण्यासाठी. अल्मोड्याच्या तुरुंगातून ते सुटले १५ जूनला.